एम. जी. मोटारींची नवरचना आणि शौकिनांचा प्रतिसाद : १९३६ ते १९८०

१

कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूंचा इतिहास बहुधा कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. आराखडा कोणी काढला, उत्पादन किती झाले, किंमत काय होती आणि नफातोटा किती झाला, एवढे सांगितले की वस्तूचे चरित्र पूर्ण झाले असे मानण्याचा प्रघात आहे. ग्राहक त्यात येतो तो विक्रीच्या आकड्याच्या रूपाने. परंतु काही वस्तूंच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते. त्या विकत घेणारा मनुष्य नुसता ग्राहक राहत नाही. तो त्या वस्तूचा अभिमानी, जाणकार आणि प्रसंगी कठोर टीकाकार बनतो. वस्तूच्या पुढील आवृत्तीत काय असावे व काय नसावे याविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी त्याची धारणा असते. इंग्लंडमधील एम. जी. ही स्वस्त स्पोर्ट्स मोटार हे अशा वस्तूचे एक उत्तम उदाहरण होय.

स्पोर्ट्स मोटार म्हणजे सामान्यतः दोन आसनांची, उघडी, कापडी टपाची, हलकी आणि चपळ गाडी. कुटुंबाची ने-आण करणे हा तिचा हेतू नसतो. ती चालविण्यातच आनंद असावा, या एका हेतूने ती घडविलेली असते. १९२० नंतरच्या दशकात असा आनंद प्रायः श्रीमंतांनाच परवडत असे. एम. जी. ने तो कारकून, शिक्षक व विद्यार्थी यांच्या आवाक्यात आणला आणि या गाडीला जो निष्ठावंत वर्ग लाभला त्याचे मूळ येथेच आहे.

या गाडीचे रूप अथवा रचना १९३६, १९५०, १९५३, १९५५, १९६२ व १९७४ या वर्षी लक्षणीय रीतीने बदलली आणि जवळजवळ प्रत्येक वेळी शौकिनांमध्ये नापसंतीचा कमीअधिक सूर उमटला. पुढे त्यांपैकी बहुतेक गाड्या त्याच वर्गाने डोक्यावर घेतल्या. यावरून शौकीन हा स्वभावतःच परिवर्तनाचा विरोधक असतो, आज ज्याला नावे ठेवतो त्याचेच उद्या गुणगान करतो, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तो वारंवार काढलाही जातो. हा निष्कर्ष पुराव्यापुढे कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

एम. जी. ही अक्षरे ‘मॉरिस गॅरेजेस’ या नावाची आद्याक्षरे होत. विल्यम मॉरिस, जे पुढे लॉर्ड नफील्ड झाले, यांची ऑक्सफर्ड येथे मोटारविक्रीची व दुरुस्तीची पेढी होती. १९२२ मध्ये सेसिल किंबर हे तिचे व्यवस्थापक झाले. मॉरिसच्या साध्या गाड्यांच्या चासीवर वेगळी व देखणी बॉडी चढवून त्या विकण्यास त्यांनी आरंभ केला. १९२८ साली लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात त्यांनी ‘मिजेट’ ही चिमुकली गाडी मांडली. तिचे ८४७ सी. सी. चे इंजिन मॉरिस मायनर या कौटुंबिक गाडीचे होते. बॉडी लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेली होती आणि मागील बाजू नावेच्या टोकासारखी निमुळती होती. किंमत होती १७५ पौंड. नामांकित स्पोर्ट्स गाड्या त्या काळी याच्या कितीतरी पट किमतीस विकल्या जात असत.

यानंतर अल्पावधीतच कारखाना ऑक्सफर्डजवळील अ‍ॅबिंग्डन या गावी गेला आणि पुढील अर्धशतक तेथेच राहिला. १९३२ च्या जे-२ या गाडीने एम. जी. चे रूढ रूप निश्चित केले. उभा रेडिएटर, सुटे गोल दिवे, चालकाला कोपर बाहेर काढता यावे म्हणून वरून खाली कापलेली दारे, तारांची उंच चाके आणि पाठीमागे उभी पेट्रोलची टाकी हे ते रूप होय. त्याच सुमारास शर्यतींतही एम. जी. चे नाव झाले. १९३३ मध्ये इटलीतील मिले मिग्लिआ शर्यतीत के-३ गाड्यांनी आपल्या वर्गात यश मिळविले आणि त्याच वर्षी ताझिओ नुव्होलारी या विख्यात इटालियन चालकाने के-३ चालवून अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. दोनशे पौंडांच्या आतील गाडी घेणाऱ्या तरुणाला या विजयांत आपला वाटा आहे असे वाटे. कारण त्याच्या इंजिनाचे व शर्यतीच्या इंजिनाचे कुळ एकच होते.

या शौकिनांची संघटनाही लवकरच उभी राहिली. १९३० मध्ये ‘एम. जी. कार क्लब’ स्थापन झाला. त्याचे पहिले चिटणीस जॉन थॉर्न्ली हे पुढे कारखान्यात नोकरीस लागले आणि १९५२ मध्ये त्याचे प्रमुख व्यवस्थापक झाले. ही घटना किरकोळ नाही. शौकीन आणि कारखाना यांच्यामधील भिंत येथे आरंभापासूनच पातळ होती, आणि पुढील सर्व वादांची पार्श्वभूमी तिने घडविली.

३

पहिला मोठा वाद १९३६ चा. १९३५ पर्यंत एम. जी. ही संस्था लॉर्ड नफील्ड यांच्या खाजगी मालकीची होती. त्या वर्षी ती मॉरिस मोटर्स या कंपनीकडे देण्यात आली आणि तेथील व्यवस्थापक लिओनर्ड लॉर्ड यांनी दोन निर्णय घेतले. शर्यतींचा विभाग बंद करण्यात आला आणि अ‍ॅबिंग्डनचे आराखडा कार्यालय काउली येथील मुख्य कारखान्याकडे नेण्यात आले. यापुढे एम. जी. गाडी मॉरिस व वुल्सली यांच्या सुट्या भागांतून घडावी, असा त्यामागील हेतू होता.

या धोरणाचे पहिले फळ म्हणजे टी प्रकारची मिजेट, जी पुढे टी-ए या नावाने ओळखली गेली. जुन्या ओव्हरहेड कॅमशाफ्टच्या इंजिनाऐवजी तिच्यात पुशरॉड पद्धतीचे १२९२ सी. सी. चे इंजिन आले. ते एका घरगुती गाडीच्या इंजिनाचे सुधारलेले रूप होते. गाडी आकाराने मोठी झाली, पाटे मऊ झाले, ब्रेक तारेच्या ऐवजी तेलाच्या दाबाने चालू लागले. किंमत २२२ पौंड होती. जुन्या जाणकारांना हे रुचले नाही. त्यांच्या दृष्टीने एम. जी. चे इंजिन हे तिचे कूळ होते. ते जाऊन सामान्य गाडीचे इंजिन आले, गाडी ऐसपैस आणि नरम झाली, म्हणजे तिचे पाणी गेले, अशी ही तक्रार होती.

या तक्रारीचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. नवे इंजिन जुन्याहून अधिक ताकदवान होते आणि दुरुस्तीस सोपे होते. त्या काळी इंग्लंडमध्ये ‘ट्रायल’ या नावाने चिखलाच्या चढणींवर गाड्या चालविण्याच्या स्पर्धा लोकप्रिय होत्या. त्यांत ‘क्रीम क्रॅकर्स’ या संघाने १९३७ पासून टी प्रकारच्या गाड्या उतरविल्या आणि यश मिळविले. चढणीवर जी गाडी वर जाते तिच्या कुळाची चौकशी फार काळ चालत नाही. एक-दोन वर्षांत इंजिनाविषयीची तक्रार मावळली. परंतु दुसरी एक तक्रार मावळली नाही. गाडीचे भवितव्य अ‍ॅबिंग्डनबाहेर, गाडीवर ज्यांचे प्रेम नाही अशा लोकांच्या हाती गेले आहे, ही ती तक्रार. गाडीसंबंधीची नापसंती आणि निर्णय घेणाऱ्यांविषयीचा अविश्वास या दोन गोष्टी येथे प्रथमच वेगळ्या झालेल्या दिसतात.

४

युद्धानंतर १९४५ मध्ये अ‍ॅबिंग्डनने टी-सी ही गाडी बाजारात आणली. युद्धापूर्वीच्या गाडीत अल्प फरक करून ती तयार केली होती. डौल १९३२ चा, चाके १९ इंची तारांची, स्टीअरिंग केवळ उजवीकडे. असे असूनही १९४९ पर्यंत दहा हजार गाड्या तयार झाल्या आणि त्यांचा मोठा भाग इंग्लंडबाहेर गेला. अमेरिकेत गेलेल्या टी-सी गाड्यांची संख्या मोठी नव्हती. परंतु युद्धोत्तर अमेरिकेतील हौशी शर्यतींत त्या ठळकपणे दिसू लागल्या, आणि त्या देशात स्पोर्ट्स मोटारींचा जो शौक वाढला त्याचा आरंभ बहुधा याच गाडीपासून मोजला जातो. ज्या समाजाला लांब, रुंद व मऊ गाड्यांचीच सवय होती त्याला ही अरुंद, ताठ व उघडी गाडी अगदी निराळी वाटली, आणि या निराळेपणातच तिचे आकर्षण होते.

यानंतर १९५० ची टी-डी आली. तिची चासी एम. जी. च्याच वाय प्रकारच्या कौटुंबिक गाडीवरून घेतली होती. पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. रॅक आणि पिनियन पद्धतीचे हलके व अचूक स्टीअरिंग आले. डाव्या बाजूच्या स्टीअरिंगचीही सोय झाली. त्याबरोबरच तारांच्या उंच चाकांच्या जागी १५ इंची पत्र्याची चाके आली आणि पुढेमागे बंपर बसले. शौकिनांनी सस्पेन्शनची स्तुती कमी आणि चाकांची निंदा अधिक केली. तारांच्या चाकांवाचून एम. जी. ही कल्पनाच त्यांना सहन होईना. तथापि खडबडीत रस्त्यावर टी-सी आणि टी-डी एकामागून एक चालविणाऱ्याला फरक सांगावा लागत नसे. १९५३ पर्यंत जवळजवळ तीस हजार टी-डी गाड्या तयार झाल्या, म्हणजे टी-सीच्या तिप्पट, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत गेल्या.

१९५३ च्या टी-एफची कथा याच्या उलट आहे. येथे बदल केवळ वरवरचा होता. रेडिएटर किंचित मागे कलला, दिवे मडगार्डांत बसविले गेले, रेडिएटरवरील झाकण नुसते शोभेचे उरले. आत इंजिन तेच १२५० सी. सी. चे आणि वेगही जवळजवळ तोच, म्हणजे ताशी ८० मैलांच्या आसपास. त्याच वर्षी जवळपास त्याच किमतीस ट्रायम्फ टी-आर-२ विकत मिळू लागली होती आणि ती ताशी १०० मैलांच्या पुढे जात होती. टीका झाली ती यामुळे. १९५० मध्ये फार बदलले म्हणून जो वर्ग कुरकुरला होता, तोच १९५३ मध्ये काहीच बदलले नाही म्हणून नाराज झाला. शौकीन परिवर्तनाचा विरोधक असतो, या समजुतीला येथे पहिला तडा जातो. टी-एफचे उत्पादन ९,६०० गाड्यांवर थांबले.

ही टीका रास्त होती, आणि ती मुख्यतः अ‍ॅबिंग्डनच्या विरुद्ध नव्हती. कारखान्यातील रचनाकार सिड एनेव्हर यांनी १९५२ मध्येच एका प्रवाही आकाराच्या नव्या गाडीचा नमुना तयार केला होता. त्याच वर्षी ऑस्टिन आणि नफील्ड हे दोन उद्योगसमूह एकत्र येऊन ‘ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन’ अस्तित्वात आले होते आणि तिचे प्रमुख पुन्हा लिओनर्ड लॉर्ड होते. त्यांनी डोनाल्ड हीली यांच्या गाडीचा नुकताच स्वीकार केला होता, म्हणून एम. जी. च्या नमुन्याला त्यांनी परवानगी नाकारली. टी-एफ ही त्या नकारानंतरची तात्पुरती डागडुजी होती. ग्राहकांनी पाठ फिरविली तेव्हा परवानगी मिळाली आणि १९५४ मध्ये अ‍ॅबिंग्डनला आराखडा कार्यालयही परत मिळाले.

५

सप्टेंबर १९५५ मध्ये आलेली एम. जी. ए. ही त्या नमुन्याची परिणती होय. बाह्य रूपाचा विचार केला तर एम. जी. च्या इतिहासातील हा सर्वांत मोठा बदल होता. १९३२ पासून चालत आलेले सुटे मडगार्ड, पायफळ्या, उभा रेडिएटर आणि मागील टाकी एकदम नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी एक सलग, गोलाईची, जमिनीलगत बसणारी आकृती आली. शौकीन जर केवळ रूपाचेच दास असते, तर सर्वांत तीव्र विरोध या वेळी व्हावयास हवा होता. जुन्या पठडीतील काही मंडळी हळहळली हे खरे. परंतु विरोध टिकला नाही. त्याच वर्षी जून महिन्यात ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत या गाडीचे नमुने उतरले होते आणि त्यांपैकी दोघांनी शर्यत पूर्ण केली होती. रूप बदलले तरी हेतू बदललेला नाही, याची खूण त्यातून पटली. १९६२ पर्यंत एक लाखाहून अधिक एम. जी. ए. तयार झाल्या.

१९६२ च्या एम. जी. बी. विषयी आक्षेप आला तो निराळ्या कारणाने. ही गाडी सलग पोलादी कवचाची होती. चासी आणि बॉडी असा भेद तिच्यात राहिला नव्हता. दारांना वरखाली होणाऱ्या काचा होत्या, आसने प्रशस्त होती, सामानाला जागा होती. १७९८ सी. सी. चे इंजिन तिला शंभर मैलांच्या पलीकडे नेत असे, आणि करांसह किंमत ९५० पौंडांच्या आत होती. काचा फिरवून वर घेणे हे स्पोर्ट्स मोटारीला शोभत नाही, असे मानणारा एक संप्रदाय त्या वेळी होता. पाऊस अंगावर घेणे हा त्याच्या मते व्रताचाच भाग होता. परंतु या संप्रदायाचे अनुयायीही पावसात भिजतच होते. काही हिवाळे गेले आणि हा आक्षेप विनोदाचा विषय झाला. एम. जी. बी. आणि १९६५ पासून तिच्या जोडीने निघालेली बंदिस्त जी. टी. मिळून १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

६

१९६८ मध्ये आणखी एक विलीनीकरण होऊन ‘ब्रिटिश लेलँड’ हा अवाढव्य उद्योगसमूह निर्माण झाला. एम. जी. ची जुनी प्रतिस्पर्धी ट्रायम्फ आता त्याच घरात आली आणि वरिष्ठ व्यवस्थापनाचा कल ट्रायम्फकडे आहे, ही शंका अ‍ॅबिंग्डनमध्ये व शौकिनांमध्ये दृढ झाली. १९७५ मध्ये समूहाची नवी स्पोर्ट्स मोटार म्हणून टी-आर-७ पुढे करण्यात आली, तेव्हा या शंकेला आधारही मिळाला.

या काळातील एक लहानशी घटना लक्षणीय आहे. १९६९ मध्ये एम. जी. बी. च्या दर्शनी भागावरील चकचकीत जाळी काढून तेथे खोलगट काळी जाळी बसविण्यात आली. ती कोणालाही फारशी आवडली नाही. १९७२ मध्ये क्रोमची किनार असलेली, जुन्या वळणाची जाळी परत आली. यांत्रिकदृष्ट्या या बदलाला महत्त्व नाही. परंतु नापसंती कारखान्याच्या कानापर्यंत पोहोचत होती आणि तिला उत्तर मिळू शकत होते, याचा तो पुरावा आहे.

१९७४ मध्ये मात्र जे घडले त्याला असे सोपे उत्तर नव्हते. अमेरिकेत १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक गाजले आणि पुढील वर्षी मोटार-सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याअन्वये निघालेल्या नियमांनुसार ताशी ५ मैलांच्या वेगाने आडोशावर आदळल्यास गाडीच्या दिव्यांना व अन्य सुरक्षाविषयक भागांना इजा होता कामा नये, असे बंधन आले. बंपरची जमिनीपासूनची उंचीही ठरविण्यात आली. एम. जी. बी. चा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका होता. नवी गाडी काढण्यास पैसा मिळत नव्हता. म्हणून बारा वर्षांच्या जुन्या गाडीलाच पोलादी पट्टीवर जाड काळे प्लास्टिक चढविलेले बंपर बसविण्यात आले, आणि उंचीचा नियम पाळण्यासाठी सारी गाडी दीड इंच वर उचलण्यात आली. ब्रिटिश कायद्याची अशी काही मागणी नव्हती. परंतु दोन प्रकारच्या गाड्या घडविणे परवडत नसल्याने इंग्लंडमधील ग्राहकालाही हेच रूप स्वीकारावे लागले. शौकिनांनी त्याला ‘रबर बंपर’ असे नाव दिले आणि ते कायम राहिले.

या बदलावरील आक्षेपांत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. पहिली रूपाची. चांदीसारख्या बारीक पट्टीच्या जागी काळे, फुगीर नाक आले, ते अनेकांना विद्रूप वाटले. दुसरी गोष्ट चालविण्याची, आणि ती अधिक गंभीर होती. गाडी उंच झाल्याने तिचा गुरुत्वमध्य वर गेला. त्याच वेळी, वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढील बाजूस जो अँटिरोल बार असे तो उघड्या गाडीवरून काढण्यात आला. परिणामी वळणावर गाडी झुकू लागली, आणि ज्या गुणासाठी ती घ्यावयाची तोच उणावला. अमेरिकेतील गाड्यांवर याहून मोठा आघात झाला. धुराविषयीच्या नियमांमुळे १९७५ पासून तेथे दोन कार्ब्युरेटरांऐवजी एकच आला आणि पूर्वी ९५ असलेली अश्वशक्ती पासष्टच्या आसपास उतरली. धाकट्या मिजेटमध्ये तर १९७४ पासून ट्रायम्फचेच १४९३ सी. सी. चे इंजिन बसविण्यात आले. जुन्या वैऱ्याचे हृदय आपल्या गाडीत यावे, हे एम. जी. च्या अभिमान्यांना किती बोचले असेल, याची कल्पना करता येते.

चालविण्याविषयीची तक्रार खरी होती, याची कबुली कारखान्यानेच कृतीने दिली. १९७६ मध्ये पुढील अँटिरोल बार परत आला आणि मागेही एक नवा बार बसला. त्यानंतर गाडीच्या झुकण्याविषयीची टीका पुष्कळ सौम्य झाली. रूपाविषयीची तक्रार मात्र शौकिनांनी स्वतःच्या हातांनी मिटविली. काळे बंपर काढून जुन्या गाडीचे क्रोमचे बंपर आणि जाळी बसवावयाची, पाटे व स्प्रिंगा बदलून गाडी पूर्वीइतकी खाली आणावयाची, हा उद्योग पुढे इतका रूढ झाला की त्यासाठी लागणाऱ्या सामानाचा स्वतंत्र व्यापार उभा राहिला. ग्राहकाने कारखान्याचा आराखडा असा उलटा फिरवावा, अशी उदाहरणे मोटारींच्या इतिहासात विरळा आहेत.

७

या वादाचा शेवट ज्या रीतीने झाला तो विषादकारक आहे. सप्टेंबर १९७९ च्या आरंभी अ‍ॅबिंग्डन गावात कारखान्याच्या तेथील वास्तव्याच्या पन्नाशीचा उत्सव झाला. मिरवणुका निघाल्या, जुन्या गाड्या रस्त्यांवर आल्या. उत्सव आटोपतो न आटोपतो तोच, १० सप्टेंबर रोजी, ब्रिटिश लेलँडचे अध्यक्ष सर मायकेल एडवर्ड्स यांच्या व्यवस्थापनाने कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पौंडाचा भाव चढल्यामुळे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे तोटा येतो, असे कारण देण्यात आले. या हिशेबाविषयी तेव्हाही मतभेद होते आणि पुढेही राहिले. हजाराहून अधिक कामगारांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला.

शौकीन या वेळी रस्त्यावर आले. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनमध्ये एम. जी. गाड्यांचा मोर्चा निघाला व निषेधाचे निवेदन देण्यात आले. अमेरिकेतील विक्रेत्यांनी दडपण आणले. अ‍ॅस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एका गटाने कारखाना विकत घेण्याचा प्रयत्न केला, परंतु १९८० च्या उन्हाळ्यात तो फसला. ऑक्टोबर १९८० मध्ये अखेरची एम. जी. बी. बाहेर पडली आणि दरवाजे मिटले.

विशेष हे की ज्या रबर बंपरच्या गाडीची पाच वर्षे टवाळी झाली तीच वाचविण्यासाठी हा मोर्चा होता. यात विसंगती आहे असे वरकरणी वाटते. परंतु १९३६ पासून चालत आलेला भेद ध्यानात घेतला म्हणजे ती उरत नाही. टीका गाडीवर होती. निष्ठा होती ती अ‍ॅबिंग्डनवर, तेथे काम करणाऱ्या माणसांवर आणि त्यांना मोकळीक मिळाली तर ती काय करू शकतात, या अनुभवावर. एम. जी. ए. ने तो अनुभव एकदा दिला होता.

तथापि या निष्ठेची एक मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. जुन्या गाडीवर प्रेम करणारा मनुष्य ती जपतो, दुरुस्त करतो, तिचे सुटे भाग शोधत हिंडतो. नवी गाडी तो क्वचितच घेतो. त्याच्या प्रेमाने गाडीची कीर्ती वाढते, परंतु कारखान्याच्या जमाखात्यात त्यामुळे फारशी भर पडत नाही. क्रोमचे बंपर बसवून घेणाऱ्याचा पैसा अ‍ॅबिंग्डनला जात नव्हता. टी-एफ न घेऊन १९५३ च्या ग्राहकाने एम. जी. ए. मिळविली, कारण त्या वेळी त्याला उत्तर देण्याइतकी शक्ती वरिष्ठांच्या तिजोरीत होती. १९७४ नंतर नापसंतीला उत्तर देणारेच कोणी उरले नव्हते. तेच शस्त्र या वेळी ज्याच्यासाठी उगारावयाचे त्याच्यावरच पडले.

८

कारखाना गेला, तरी गाडी गेली नाही. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळचे साचे मिळवून एम. जी. बी. ची संपूर्ण नवी बॉडी पुन्हा तयार करण्यास आरंभ केला. गंजलेल्या जुन्या गाडीचे इंजिन व इतर भाग या नव्या कवचात बसवून ती पुन्हा उभी करता येऊ लागली. रबर बंपरच्या गाड्यांनाही कालांतराने आपला चाहता वर्ग मिळाला. क्रोमच्या गाड्यांपेक्षा त्या स्वस्त मिळत, म्हणून नव्या पिढीतील अनेकांचा या छंदात प्रवेश त्यांच्याच द्वारे झाला. स्वस्त स्पोर्ट्स मोटार ही मूळ कल्पना अशा रीतीने तिच्या सर्वांत निंदिल्या गेलेल्या आवृत्तीने पुढे चालविली.

एम. जी. ने रिकामी केलेली जागा १९८९ मध्ये जपानच्या माझ्दा कंपनीने एम. एक्स.-५ या गाडीने भरली. तिची प्रेरणा ब्रिटिश उघड्या गाड्यांचीच होती. तिच्याही नवरचनांच्या वेळी हाच अनुभव आला, हे पडताळणीसाठी नमूद करण्याजोगे आहे. १९९८ च्या दुसऱ्या पिढीत वर उघडणारे दिवे जाऊन स्थिर दिवे आले, त्याबद्दल हळहळ झाली आणि ओसरली. २००५ च्या तिसऱ्या पिढीत गाडी मोठी व जड झाल्याचा आक्षेप मात्र टिकला, आणि २०१५ च्या चौथ्या पिढीत वजन सुमारे १०० किलोग्रॅमने घटवून कंपनीने त्याला उत्तर दिले.

या सर्व वृत्तान्तावरून, शौकीन प्रत्येक बदलास विरोध करतो आणि मग सवयीने तो पत्करतो, हे मत अपुरे ठरते. त्याच्या तक्रारींत तीन निरनिराळे सूर ऐकू येतात. रूपाविषयीची तक्रार काळाने मिटते. टी-डीची चाके आणि एम. जी. बी. च्या काचा ही तिची उदाहरणे होत. चालविण्याविषयीची तक्रार काळाने मिटत नाही, ती दुरुस्तीने मिटते. १९७६ चा अँटिरोल बार हा तिचा दाखला होय. आणि ही वस्तू घडविण्याचे निर्णय तिच्यावर प्रेम नसलेल्यांच्या हाती आहेत, ही तक्रार १९३६ मध्ये उद्भवली ती १९८० मध्ये कारखाना मिटेपर्यंत मिटली नाही. पहिल्या प्रकाराचा गलबला सर्वांत मोठा असतो, म्हणून इतर दोन त्यात बुडून जातात. कारखान्याला ते वेगळे ऐकता आले तेव्हा एम. जी. ए. जन्मली. ऐकता आले नाहीत, किंवा ऐकूनही उत्तर देण्याची ऐपत उरली नाही, तेव्हा शौकिनांच्या हाती जुनी गाडी तेवढी राहिली. ती त्यांनी अद्याप चालती ठेवली आहे.